सोलापुरात हळू वाढणारी आयव्ही: कुंडीत ठेवू की जमिनीत लावू?

कडुनिंबाखालची
मंडळी, नमस्कार. आम्ही विजापूर रोडला राहतो. घराच्या उत्तरेला, कंपाउंडला लागून दोन फूट रुंद आणि नऊ फूट लांब पट्टा आहे. वर शेजाऱ्यांचा कडुनिंब. हरळी लावून पाहिली, सावलीत टिकली नाही. त्याआधी वेडेलिया लावली होती, ती दोन पावसाळ्यांत गटाराच्या झाकणापर्यंत पोचली आणि उपटून उपटून हात दुखले. परवा पुण्याहून येताना उरुळी कांचनच्या एका नर्सरीतून आयव्ही वेलीच्या तीन कुंड्या आणल्या. बारीक पानं, पांढरी कड. "ही हळू पसरते" असं ते म्हणाले, मला तेच हवंय. आता काळ्या मातीत लावून टाकू का? रोज पाणी घालते, तरी एका कुंडीतली पानं फिकट पडू लागलीत.

दगडी कट्टा
इकडच्या उन्हात आयव्ही नको ताई. मनीप्लँट लावा, मोकळ्या व्हा.

न्हाणीची खिडकी
ताई, घाईने जमिनीत लावू नका. मी सहा वर्षं आयव्ही सांभाळतेय, त्यातली पहिली दोन वर्षं रोपं मारण्यातच गेली, म्हणून एवढं लिहिते.

तुमची जागा आत्ता फेब्रुवारीत सावलीची आहे, मे महिन्यात तशी राहणार नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो आणि मग ऑगस्ट लागेपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे वर्षभर थंड असणाऱ्या उत्तरेच्या भिंतीला ऐन उन्हाळ्यात ऊन लागतं. माझं पहिलं रोप असंच गेलं. हिवाळ्यात जागा पाहून लावलं आणि मेमध्ये पानं पापडासारखी वाजायला लागली. तुमच्याकडे कडुनिंब आहे हे नशीब, पण तोही आता पानं गाळेल आणि पाडव्याच्या सुमारास परत भरेल. मधल्या दिवसांत ऊन थेट खाली येतं. कुंडी उचलून आत नेता येते, जमिनीतलं रोप कुठे नेणार?

पाणी रोज नको. आयव्ही मूळची युरोपातली, तिला गारवा हवा, चिखल नको. आपली काळी माती ओली झाली की मुळाला गुदमरवते, सुकली की भेगा पडून मुळं तोडते. कुंडीत पोयटा, वाळू, कोकोपीट आणि थोडं गांडूळखत घ्या. बोट दोन पेरं खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. बोअरचं पाणी असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि पानांची टोकं करपतात. महिन्यातून एकदा साठवलेलं पावसाचं किंवा नळाचं पाणी भरपूर ओतून खालच्या भोकातून निथळू द्यायचं.

आणि फिकट पानांचं म्हणाल, तर मला कोळी किडीची शंका येते. पान पांढऱ्या कागदावर झटका. मिरीच्या चुऱ्यासारखे ठिपके पडले आणि ते चालायला लागले, तर लाल कोळी. कोरड्या हवेत फार वेगाने वाढतो. मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधून कुंडी उलटी धरायची आणि पानांची खालची बाजू नळाखाली धुवायची, आठवड्यातून दोनदा. मग संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाचा फवारा, उन्हात अजिबात नाही. छाटणी करताना हातमोजे घाला, चिकामुळे काहींच्या कातडीवर पुरळ उठतं.

पांढऱ्या कडेच्या पानात हरितद्रव्य कमी, म्हणून ती हळू वाढते. मध्येच एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती बुडापासून कापा. नाहीतर जोमाने वाढून तीच बाकीच्या फांद्यांना झाकते.

सायंतारा
घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, पानं आणि फळं दोन्ही विषारी असतात.

कडुनिंबाखालची
न्हाणीची खिडकीताई, कागदाचं करून पाहिलं. ठिपके चालले! अंगावर काटाच आला. फिकट कुंडी वेगळी काढली आणि मोरीत धुतली. पानाखाली बारीक जाळं होतं, इतके दिवस दिसलंच नव्हतं. नात मेमध्ये येणार आहे, त्याआधीच तिन्ही कुंड्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर. पण पट्टा तसा रिकामाच राहील का?

न्हाणीची खिडकी
या वर्षी राहू द्या. मेमध्ये एक दिवस तासातासाने बाहेर जाऊन पाहा, ऊन कुठून कुठवर येतं त्याची खडूने खूण करा. जिथे सकाळचं कोवळं ऊन सोडून काही येत नाही, तेवढ्याच भागात वीतभर खोल माती काढून कुंडीसाठी सांगितलेलं मिश्रण भरा आणि नवरात्र झालं की तीन-चार रोपं लावा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थंडीत मूळ धरेल. तोवर कुंडीतल्या वेलीच्या बोटभर फांद्या पाण्यात ठेवून मुळं काढा, म्हणजे नवीन विकत घ्यायला नकोत. पट्टा भरायला दोन वर्षं तरी लागतील, ताई. मला माझ्या कोपऱ्यात तेवढी लागली, पण गटाराच्या झाकणाकडे अजून एकही फांदी गेलेली नाही.