सह्याद्रीत उन्हाळी एटीव्ही भटकंतीसाठी वाटा आखून द्याव्यात का?

मुलुंडकर (धागालेखक):

मार्च महिना लागला की मुंबईतील भटक्या मंडळींमध्ये एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो. एटीव्ही (खडबडीत जमिनीवर चालणारे जाड चाकांचे, मोकळे चारचाकी वाहन) घेऊन डोंगरात कुठे जाता येईल आणि रात्री तिथेच तंबू कुठे ठोकता येईल? लोणावळा, कर्जत, पाचगणी या भागांत पैसे भरून एटीव्ही चालवण्याची सोय आहे, परंतु ती बहुधा एखाद्या शेतात आखलेल्या गोल फेरीपुरती असते. ज्यांना सकाळी निघून डोंगराची सोंड चढावी, दुपारी गावात जेवावे आणि संध्याकाळी एखाद्या जलाशयाच्या काठी मुक्काम करावा असे वाटते, त्यांच्यासाठी अधिकृतपणे आखलेली वाट आपल्याकडे उपलब्ध नाही. परिणामी लोक कुणाच्या तरी मोबाइलमधील नोंदवलेल्या मार्गावर विसंबून पाणंद रस्ते, गायरान, धरणाची उघडी पडलेली बुडीत जमीन आणि कधी कधी थेट राखीव वनातील वाटा वापरतात.

माझे मत असे आहे की ही भटकंती थांबणार नसेल, तर ती मोजक्या, नकाशावर दाखवलेल्या वाटांवर आणावी. अमेरिकेत हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी उभा राहिला. तेथील वनसेवेने 2005 मध्ये नियम करून प्रत्येक राष्ट्रीय वनात मोटार वाहने कोणत्या वाटांवर चालतील हे ठरवणे बंधनकारक केले आणि त्याचे नकाशे विनामूल्य उपलब्ध करून दिले. नकाशावर नसलेल्या वाटेवर वाहन नेणे हा गुन्हा ठरतो. यूटामधील पायूट ट्रेल हे त्या राष्ट्रीय वनांतील प्रसिद्ध उदाहरण आहे. मला मात्र वेस्ट व्हर्जिनियातील हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्स अधिक महत्त्वाच्या वाटतात. 2000 मध्ये खुल्या झालेल्या या वाटा बहुतांशी कोळसा आणि लाकूड कंपन्यांच्या खाजगी जमिनीवरून जातात. परवाना शुल्क आणि हेल्मेट तेथे सक्तीचे आहे, आणि खाणी मंदावलेल्या गावांना त्यातून खाणावळी, मुक्काम व दुरुस्तीची कामे मिळाली.

आपल्याकडेही शुल्क ग्रामपंचायतीकडे जाईल अशा रीतीने इगतपुरी, शहापूर, मावळ किंवा मुळशी पट्ट्यात अशी एखादी वाट आखता येणार नाही का? या सूचनेला विरोध असणाऱ्यांनीही आपली बाजू सविस्तर मांडावी, ही विनंती.

सडा आणि माळ (ठाणे):

माझा विरोध आहे, आणि तो आवाजापुरता किंवा धुरापुरता नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील सडे, म्हणजे खडकाळ सपाट पठारे, उन्हाळ्यात उजाड दिसतात, म्हणून तेथे वाहन नेल्याने काही बिघडत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात जांभ्या दगडाच्या खाचांमध्ये साचलेल्या काही सेंटिमीटर मातीत खरपुडी आणि दीपकाडी यांचे कंद आणि गेंद, सीतेची आसवे यांचे बी पावसाची वाट पाहत पडलेले असते. साधारण तीनशे किलोंचे वाहन आणि त्यावरचा स्वार यांच्या भाराने ती माती एकदा दाबली गेली किंवा चाकाने उडवली गेली, की पुढच्या पावसाळ्यात तेथे काय उगवेल याची शाश्वती उरत नाही. यातील अनेक वनस्पती जगात अन्यत्र कुठेही सापडत नाहीत. 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे आहेत. तथापि असे सडे या चार नावांपुरते मर्यादित नाहीत.

दुसरे कारण मातीच्या धुपीचे आहे. वेस्ट व्हर्जिनियात पाऊस वर्षभर विभागून पडतो. आपल्या घाटमाथ्यावर मात्र काही ठिकाणी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ चार महिन्यांत कोसळतो. एप्रिल-मे मध्ये चढावर चाकोऱ्या पडतात, माती भुसभुशीत होऊन तिचा फुफाटा होतो, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच चाकोऱ्यांतून पाणी वाहून त्यांचे ओघळ बनतात. म्हणजे ज्या ऋतूत आपण ही वाट मागत आहात, तोच ऋतू डोंगरउतारासाठी सर्वांत नाजूक आहे.

वणव्याचा धोका वेगळाच. गुडघाभर वाळलेल्या गवतातून गरम सायलेन्सर गेला, किंवा इंजिनाखाली अडकलेले गवत तापले, तर एक ठिणगी पुरते. मेअखेरीस भंडारदरा, घाटघर, राजमाची परिसरात काजव्यांचा हंगाम सुरू होतो. नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणेनेच शोधतात, त्यामुळे त्या काळात हेडलाइट लावून रात्री फिरणारे प्रत्येक वाहन त्यांच्या प्रजननात व्यत्यय आणते.

मुलुंडकर:

सड्यांबाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. सडे, देवराया आणि अभयारण्ये यांना हात लावू नये. मी विचार करतो आहे तो आधीच चाके पडलेल्या जमिनीचा. बंद पडलेल्या दगडखाणी, मुरूम काढून झालेले माळ आणि जुन्या गाडीवाटा यांना जोडून तीस-चाळीस किलोमीटरची एक फेरी होऊ शकते. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलअखेर ठेवावा आणि सूर्यास्तानंतर वाहन बंद करावे, म्हणजे काजव्यांचा प्रश्नही उरणार नाही.

मूळ अकोलेकर, सध्या कांदिवली:

दोन्ही बाजूंच्या लिखाणात गावाचा उल्लेख आहे, परंतु गावाला काय हवे हे कुणी विचारलेले नाही, म्हणून लिहितो.

एप्रिलनंतर आमच्याकडे पहिली गोष्ट मोजली जाते ती पाणी. शहापूर तालुक्याचे उदाहरण मुंबईकरांना सर्वांत जवळचे आहे. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे त्याच तालुक्यात आहेत, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर टँकर येतो. वीस माणसांचा गट तंबू ठोकून राहतो तेव्हा पिणे, स्वयंपाक, भांडी आणि आंघोळ यांना लागणारे पाणी तो कोणत्या विहिरीतून घेणार? जी वाट आखाल तिच्या मुक्कामावर पाणी बाहेरून आणण्याची सक्ती असेल, तरच पुढची चर्चा करण्यात अर्थ आहे. गुरांचेही तसेच आहे. उन्हाळ्यात गुरे मोकळी सोडलेली असतात, आणि अचानक आलेल्या इंजिनाच्या आवाजाने बुजलेली गाय कड्यावरून गेली तर तिची भरपाई कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

असे असूनही मी सरसकट विरोध करणार नाही. भातशेतीची कामे संपल्यावर आमच्या भागातील माणसे मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावकडे किंवा वीटभट्ट्यांवर जातात. काजवे पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे काही गावांत जेवण, मुक्काम आणि वाटाड्याचे काम मिळू लागले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मार्च-एप्रिलमध्ये असे काम गावातच मिळाले तर काही घरांचे स्थलांतर टळेल. मात्र हा निर्णय मुंबईत बसून होऊ नये. अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात 1996 च्या पेसा या ग्रामस्वशासनाच्या कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे त्या जंगलाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे आहे. तिने नाही म्हटले तर तो विषय तिथेच संपला पाहिजे.

कागदपत्रे आधी (डोंबिवली):

वाट शोधणाऱ्यांना व्यवहारातील काही गोष्टी सांगतो, कारण बहुतेक अडचणी तेथेच उद्भवतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य एटीव्हींची सार्वजनिक रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. त्यामुळे मुंबईहून वाहन टेम्पोत किंवा ट्रेलरवर चढवून थेट मुक्कामी उतरवावे लागते, आणि मधला डांबरी रस्ता ओलांडायचा असला तरी तो विमा नसलेल्या वाहनाने ओलांडला जातो, हे ध्यानात घ्यावे. धागालेखकांच्या चाळीस किलोमीटरच्या फेरीत असे किती रस्ते येतात, हे त्यांनी तपासले आहे का?

जमिनीबाबत अधिक सावध राहावे लागते. मालकाने तोंडी होकार दिला, एवढ्यावर थांबू नये. गट क्रमांक घेऊन सातबारा काढावा आणि त्यातील इतर हक्काचा रकाना वाचावा. तेथे खाजगी वन अशी नोंद असेल, तर 1975 च्या कायद्यान्वये ती जमीन शासनाकडे निहित झालेली असू शकते आणि मालकाच्या परवानगीला काही अर्थ राहत नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि आग पेटवणे हा 1927 च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ताम्हिणी आणि तानसा ही अभयारण्ये असल्याने तेथे 1972 चा वन्यजीव कायदा लागू होतो. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. एवढे सगळे वगळल्यावर जे उरते ते फारच थोडे आहे, आणि शोध त्या थोड्यातच घ्यावा.

परळची परिचारिका:

वाट कुठलीही ठरो, अपघाताचा विचार करूनच ठरवावी. बहुतेक एटीव्ही एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात. मागे दुसऱ्याला बसवले की वजन मागे सरकते आणि चढावर वाहन उलटून स्वाराच्याच अंगावर येते. लहान मुलांना मोठ्यांच्या वाहनावर बसू देऊ नये. एप्रिलच्या उन्हात हेल्मेट आणि जाड कपडे घालून भर दुपारी चालवल्यास उष्माघात होतो, आणि जवळचे सुसज्ज रुग्णालय दोन तासांवर असेल तर ते दोन तास जिवावर बेततात. अकरा ते चार वाहन बंद, हा नियम शुल्काच्या पावतीवरच छापलेला असावा.

सडा आणि माळ:

धागालेखकांनी सडे वगळण्याचे मान्य केले याचे मला समाधान आहे, परंतु माझी मुख्य शंका कायम आहे. अमेरिकेत नकाशाबाहेर जाणाऱ्याला अडवणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे एका वनरक्षकाकडे मोठे क्षेत्र असते आणि उन्हाळ्यात त्याचा सगळा वेळ वणवे विझवण्यात आणि जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, राखण्यात जातो. आखलेली वाट दोन आठवड्यांत ओळखीची झाली, की तिला फाटे फुटतात आणि ते फाटे मोबाइलवरून पसरतात. म्हणून मी फक्त बंद दगडखाणीपुरता, कुंपण घातलेल्या क्षेत्रातला ट्रॅक मान्य करीन. खाणींना जोडणाऱ्या वाटांना माझा विरोध राहील. तंबूचा मुक्काम डोंगरात हवा असेल, तर वाहन खाणीपाशी ठेवून चालत जावे.

मुलुंडकर:

वाटेला फाटे फुटतील ही शंका रास्त आहे, आणि रस्ते ओलांडण्याचा मुद्दाही मी तपासलेला नव्हता. तथापि केवळ खाणीच्या कुंपणात फिरण्याला मी डोंगरातील भटकंती म्हणणार नाही, त्यामुळे येथे आपले मतभेद राहतील. पहिल्या वर्षी एकच खाण, एकच जोडवाट, तिच्या दोन्ही टोकांना गावातील पगारी राखणदार, आणि पावसाळ्यानंतर त्या वाटेची पाहणी आपल्यासारख्या अभ्यासकाकडून करून घेणे, एवढे आपल्याला मान्य होईल का? ओघळ पडलेले दिसले तर दुसऱ्या वर्षी वाट बंद करावी.

मूळ अकोलेकर:

मार्चमध्ये वाट सुरू करायची असेल तर विषय 26 जानेवारीच्या ग्रामसभेपुढे यावा लागेल, कारण त्यानंतरची नेहमीची सभा 1 मे रोजी असते आणि तोवर हंगाम संपलेला असतो. अर्जासोबत गाव नकाशावर वाट आखून, ती ज्या गटांतून जाते त्यांचे सातबारे जोडावेत आणि पाण्याचा टँकर कुठून येणार ते लिहावे. राखणदारांची मजुरी किती, हेही आधीच लिहा. सभेत पहिला प्रश्न तोच येईल.

सडा आणि माळ:

पाहणी करायला मी तयार आहे, पण ती पावसाळ्यानंतर एकदा नव्हे तर वाट सुरू होण्याआधीही व्हायला हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? जोडवाटेला माझा विरोध अजूनही आहे, आणि ग्रामसभेने बोलावल्यास तो मी तेथेही मांडेन. गट क्रमांक ठरले की कळवावे.