मदत हवी आहे : लाईट आल्यावर वजनकाटे आणि लेबल प्रिंटर आपल्या व्हीलॅनमध्ये जात नाहीत

नमस्कार मंडळी,

देवगडजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडचं नेटवर्क बघतो. एक मॅनेज्ड स्विच, आणि ऑफिसच्या पीसीवर फ्रीरेडियस, म्हणजे कोणाला आत घ्यायचं ते स्विचला सांगणारा रेडियस सर्व्हर. हंगामात टेबलं सारखी हलतात, कोण कुठल्या पॉइंटला वायर खोचेल याचा नेम नाही. म्हणून पोर्टवर व्हीलॅन (एकाच स्विचवरचं वेगळं केलेलं जाळं) न बांधता रेडियसकडून देतो : हिशेबाचे पीसी १०, काटे आणि लेबल प्रिंटर २०, बाकी अनोळखी सगळे ४०.

पीसी ८०२.१एक्सने, म्हणजे स्विचने विचारल्यावर स्वतःची ओळख देऊन, आत येतात. काट्यांना ते येत नाही, त्यांची ओळख मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक). रेडियसच्या उत्तरात टनेल-टाइप व्हीलॅन, टनेल-मीडियम-टाइप ८०२ आणि टनेल-प्रायव्हेट-ग्रुप-आयडी २० जातं, म्हणजे 'याला व्हीलॅन २० मध्ये टाक'. एरवी तक्रार नाही.

घोळ होतो तो लाईट जाऊन आल्यावर, आणि वळवाच्या दिवसांत ती किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको. पीसीला यूपीएस आहे, स्विचला नाही (मालकांना सांगून झालंय). स्विच उठतो, पीसी आपोआप १० मध्ये येतात. काटे आणि प्रिंटर मात्र अनऑथराइज्ड, म्हणजे दाराबाहेरच. की मालकांचा फोन, "गाडी भरूची हा, काटो चलना नाय!"

गंमत म्हणजे काट्याच्या मेनूतून गेटवेला (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेणारं यंत्र) पिंग, म्हणजे चाचणीची हाक, मारला की तो लगेच २० मध्ये जातो. काटे आणि प्रिंटरना आयपी हाताने दिलेत. पॉलिसीत काय कमी आहे? पोर्ट कायमचा २० ला बांधायचा उपाय नको.

प्रतिसाद १ :
रेडियसचा लॉग बघा. त्या वेळी काट्याच्या मॅकला नकार दिसतो, की विचारणाच दिसत नाही?

धागाकर्ता :
विचारणाच नाही. पिंग मारल्यावरच पहिली ओळ येते.

प्रतिसाद १ :
मग पॉलिसी ठीक आहे, काटा मुका आहे. मॅकवरून ओळख पटवायला स्विचला त्या यंत्राकडून निदान एक पॅकेट लागतं. लिंक आल्याआल्या काटा काय ते बोलून घेतो, पण तेव्हा स्विच ८०२.१एक्सच्या उत्तराची वाट बघत असतो. सिस्कोवर मूळ सेटिंगने ही वाट ९० सेकंदांची : ३० सेकंदांच्या अंतराने तीन हाका. तोवर काटा गप्प झालेला असतो, आणि हाताने दिलेल्या आयपीमुळे त्याला पुन्हा तोंड उघडायचं कारणच उरत नाही.

आधी काटे-प्रिंटर डीएचसीपीवर (आयपी आपोआप मागून घेणं) आणा आणि मॅकप्रमाणे आयपी राखून ठेवा. पत्ता मिळेपर्यंत ते मागत राहतील. मग पोर्टवर क्रम उलटा : आधी मॅक, नंतर ८०२.१एक्स, प्राधान्य मात्र ८०२.१एक्सलाच.

प्रतिसाद २ :
क्रम उलटा करताना एक जपा. अनोळखी मॅकला तुमचा रेडियस थेट ४० देत असेल तर हिशेबाचे पीसीही आधी ४० मध्ये जातील, तिथला आयपी घेतील आणि १० मध्ये आल्यावर तोच धरून बसतील. अनोळखी मॅकला सरळ नकार द्या, ४० स्विचच्या गेस्ट व्हीलॅनमधून (ओळख न देणाऱ्यांसाठी स्विच स्वतः देतो तो) मिळू दे. आणि २० मधून हिशेबाच्या पीसीकडे लागेल तेवढंच उघडं ठेवा. मॅक कोणीही नक्कल करतो.

धागाकर्ता :
रेडियस खरंच ४० देतोय, तो नियम आधी काढतो. डीएचसीपीचं काम रात्री गाड्या गेल्यावर. एका जुन्या काट्यात डीएचसीपीचा पर्यायच नाही, त्याचं काय?

प्रतिसाद १ :
त्याच्या पोर्टवर अडवणूक फक्त आत येणाऱ्या ट्रॅफिकला ठेवा, सिस्कोत कंट्रोल-डायरेक्शन इन. पोर्टचा मूळ व्हीलॅन २० करा. मग पीसीने काट्याकडे काही पाठवलं की गेटवे काट्याला शोधायला जो एआरपी ('हा आयपी कोणाचा?' अशी हाक) पाठवतो तो त्याच्यापर्यंत पोचतो, काटा उत्तर देतो, आणि तेवढ्यावर स्विचचं काम होतं. हा काटा तेवढा टेबलाबरोबर हलवू नका.