कोपर गेलेलं असताना तिसरा लिफ्ट घेणं, ह्याला मर्दानगी म्हणायची का?

बारवाला_२०: मी हलक्या वजनगटात वेटलिफ्टिंग करतो, शर्ट घातला की काही दिसतच नाही, त्यामुळे गावात ऐकून घ्यावं लागतं की एवढासा जीव, छाती कुठाय, आणि आरशासमोर बायसेप फुगवणाऱ्याला तीच माणसं पैलवान म्हणतात. माझ्यासाठी मर्दानगी म्हणजे आपल्या सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचा बर्मिंगहॅम २०२२ च्या कॉमनवेल्थ गेम्समधला तिसरा, म्हणजे शेवटचा लिफ्ट. स्नॅच (एका दमात थेट डोक्यावर) ११३ किलो, जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५ झालेला, १३९ च्या पहिल्या झटक्यात कोपर गेलं तरी गडी परत त्याच वजनाला स्टेजवर आला. नाही झाला लिफ्ट, दोन्हीची बेरीज म्हणजे टोटल ह्याचं २४८, मलेशियाच्या पोराचं २४९, गोल्ड एका किलोनं गेलं. पण आला. बोला.

जुना_लिफ्टर: बोलतो. तिसऱ्या नंबरचं टोटल २२५ होतं, म्हणजे सिल्व्हर कुठं जात नव्हतं, आणि मलेशियाच्या पोराचा १४२ अजून व्हायचा होता. समोर गोल्ड होतं, रिस्क घेतली, समजू शकतो. पण तुझ्यासारखी पोरं ते बघून मंगळवारच्या साध्या प्रॅक्टिसला दुखऱ्या हातानं मॅक्स, म्हणजे झेपेल तेवढं सगळ्यात जास्त वजन, मारतात. ह्याला माज म्हणतात बाळा. असले मर्द मी फिजिओच्या बाहेर बाकावर लय बघितलेत.

स्नॅचवाली: मला एक कळत नाही, ह्यात पुरुषाचं काय आहे? वेटलिफ्टिंगमध्ये भारताची ऑलिंपिक मेडल आजवर दोनच, सिडनी २००० ला मल्लेश्वरी आणि टोकियोला मीराबाई. संकेतच्या सख्ख्या बहिणीनं, काजोलनं, त्याच वर्षी खेलो इंडियात ४० किलोत गोल्ड मारलं. माझा बार, म्हणजे वजनाचा दांडा, १५ किलोचा, तुमचा २० चा, पण बारखाली जाताना पोटात गोळा तेवढाच येतो.

बारवाला_२०: ताई, गोळा मान्य. पण "बाई असशील तर उचल" असं तुम्हाला कोण म्हणतं? मला रोज कोणीतरी म्हणतंच, मर्द असशील तर उचल.

स्नॅचवाली: खरंय, मला उलटं ऐकावं लागलं. आत्या म्हणाली उचलू नको, पुढं मूल होणार नाही 😂 दोघांनाही सल्ले देणारे बारला हात न लावणारेच.

गल्लीतली_जिम: इतकं तात्त्विक नका होऊ राव. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या पोरांना लग्नाआधी दंड पाहिजेत बस्स, आणि तेही महिन्यात, मग इंजेक्शन कुठं मिळतं विचारतात. संकेत सरगर कोण ते विचारा, मान हलवतील.

बारवाला_२०: @जुना_लिफ्टर सर, दुखणं लपवा असं मी म्हणतच नाही. आपला वेटलिफ्टर जेरेमी लालरिनुंगा त्याच बर्मिंगहॅमला १९ वर्षांचा होता, ३०० किलो टोटल मारून गोल्ड घेतलं आणि लिफ्ट झाल्यावर सगळ्या जगासमोर वेदनेनं तळमळत होता, लपवलं का त्यानं? मी पण कोचला सांगितलंय माझं कोपर दुखतंय म्हणून.

जुना_लिफ्टर: मग कोच काय म्हणाले?

बारवाला_२०: एमआरआय करून घे म्हणाले.

जुना_लिफ्टर: केला?

बारवाला_२०: स्टेटची स्पर्धा झाल्यावर करणार.

स्नॅचवाली: 🤦‍♀️