मलाक्का कुणी घालवलं? सुलतान महमूद शाहला दोष द्यायचा की नाही?

तांडेल

गेल्या महिन्यात मलेशियातल्या मलाक्क्याला, त्या जुन्या बंदराच्या शहरात, जाऊन आलो. पोर्तुगीजांच्या अख्ख्या किल्ल्यातला एक दरवाजा तेवढा उभा आहे, त्यावरही नंतर आलेल्या डचांनी १६७० साल कोरून ठेवलंय. तो किल्ला बांधायला पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या गव्हर्नरने, अल्बुकर्कने, मशिदींचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड वापरले. दरवाज्यात पर्यटक सेल्फी काढत होते आणि मी डोक्यात हिशोब मांडत बसलो होतो, की एवढं भरलेलं बंदर गेलं कसं?

माझं मत स्पष्ट आहे. पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं असेल, पण ते गमावलं सुलतान महमूद शाहने. १४८८ मध्ये पोरवयात गादीवर आला. राज्याची घडी बसवणारा म्हातारा बेंडाहारा तुन पेराक (बेंडाहारा म्हणजे आपला पेशवाच समजा) १४९८ मध्ये वारला, आणि मग याला धरबंध राहिला नाही. पुढे बेंडाहारा झाला तुन मुताहिर, म्हणजे सुलतानाचा मामा. त्याची मुलगी फातिमा देखणी. मामाने ती याला न दाखवता दुसरीकडे दिली, हा राग मनात. पुढे एका व्यापाऱ्याने कान भरले की मुताहिर स्वतःच राजा व्हायच्या बेतात आहे. झालं! चौकशी नाही, काही नाही. १५१० मध्ये मामा, मामेभाऊ, जावई, सगळे मारले आणि विधवा फातिमाला राणी करून घरात आणलं. नंतर कळलं की चुगली खोटी होती. मग चुगलखोरांनाही मारलं.

त्या जागी नेमला कोण, तर पायांनी अधू झालेला एक म्हातारा. आणि पुढच्याच वर्षी, १ जुलै १५११ ला, अल्बुकर्क दारात हजर. बाराएकशे माणसं घेऊन आलेल्याने ऑगस्ट संपायच्या आत शहर घेतलं. आता सांगा, दोष कुणाचा?

चिकित्सक

तांडेलराव, कथा रंगवून सांगितलीत, पण ती कुणी लिहिली ते सांगायचं राहिलं की! हे सगळं येतं 'सजारह मलायू' या बखरीतून. तिची आज प्रसिद्ध असलेली प्रत १६१२ ची, म्हणजे घटनेनंतर शंभर वर्षांनी जोहोरच्या (मलाक्क्यानंतर याच घराण्याने उभं केलेलं राज्य) दरबारात सिद्ध झालेली. आणि ती सिद्ध करणारा तुन स्री लानांग स्वतः बेंडाहारा होता. त्याच घराण्यातला. मारल्या गेलेल्यांच्या वंशजांनी मारणाऱ्याचं चरित्र लिहिलं तर ते कसं होईल? आपल्याकडच्या बखरी वाचताना आपण 'लिहिणारा कुणाचा चिटणीस' हे आधी बघतो ना? मग इथे का नाही?

दुसरी बाजू पोर्तुगीजांची. त्यातला मोठा भाग खुद्द अल्बुकर्कच्या मुलाने बापाच्या कागदांवरून लिहिलेला. त्याला सुलतान जुलमी आणि दगाबाज दाखवणं भागच होतं, त्याशिवाय बापाचा पराक्रम उठून कसा दिसणार. शहरात तीन हजार तोफा सापडल्या हा आकडाही तिथलाच. दोन्ही साक्षीदार एकाच माणसावर खार खाऊन, आणि आपण निकाल देऊन मोकळे.

पणजीकर

मी गोंयचो, म्हणून थोडा आमच्या बाजूने बघतो. अल्बुकर्कने फेब्रुवारी १५१० मध्ये गोवा घेतला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हाकलला. पावसामुळे त्याची जहाजं समुद्रात जाऊ शकेनात, मांडवीच्या तोंडाशी अडकून पडली, माणसांनी उंदीर खाऊन दिवस काढले. आणि तोच माणूस २५ नोव्हेंबरला परत येऊन गोवा घेऊन बसला. आता विजापूरच्या सुलतानाने कुणाच्या मुलीसाठी वजीर मारला होता? नाही ना. तरी गोवा गेलाच.

शिवाय १५११ ला त्याला जायचं होतं तांबड्या समुद्राकडे. वारा उलटा लागला म्हणून तोंड पूर्वेला वळवलं. वाऱ्याने साथ दिली असती तर त्या वर्षी मलाक्का वाचलं असतं आणि कदाचित महमूद 'थोर सुलतान' म्हणून गेला असता. इतकी साधी गोष्ट आहे ती.

तांडेल

पणजीकर, गोव्याची तुलना इथे लागू पडत नाही. गोवा आदिलशाहीच्या टोकाचं एक बंदर, मलाक्का म्हणजे राजधानी, तिजोरी, सगळं एकच. आणि वाऱ्याचं म्हणाल तर पोर्तुगीज आधी येऊन गेले होतेच. १५०९ मध्ये सिकेरा पाच जहाजं घेऊन आला, गुजराती आणि तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी 'यांना संपवा' म्हणून धोशा लावला, कट फसला, सिकेरा निसटला, वीसेक माणसं मागे कैदेत राहिली. त्या ताफ्यात पुढे पृथ्वीप्रदक्षिणेमुळे गाजलेला मॅगेलनही होता. म्हणजे ते परत येणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मधली दोन वर्षं याने काय केलं? तटबंदी? नाही. पेशवा मारला.

चौलचा खलाशी

थोडं अवांतर, पण आपल्या किनाऱ्याचा विषय आहे म्हणून. शहर पडल्यानंतर तिथे राहिलेला तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज औषधवाला मलाक्क्यातल्या व्यापाऱ्यांची यादी देतो, त्यात चौल, दाभोळ आणि गोव्याची माणसं आहेत. बंदरात चार शाहबंदर (म्हणजे बंदराचे अधिकारी), त्यातला एक फक्त गुजरात्यांसाठी, बाकीच्यांत कलिंगवाले, बंगाली, जावावाले, चिनी असे वाटलेले. पश्चिमेकडून येणाऱ्या मालावर शंभराला सहा जकात. स्थायिक झालात तर तीन. चौऱ्याऐंशी भाषा ऐकू येतात म्हणतो.

आता मुद्दा. असं शहर सुलतानाचं नसतंच हो, व्यापाऱ्यांचं असतं. नीना चाटू हा तमिळ हिंदू सावकार आतून पोर्तुगीज कैद्यांना मदत करत होता. चिनी जहाजवाल्यांनी अल्बुकर्कला पडाव दिले. वेढा पडल्यावर ज्याने त्याने आपली वखार सांभाळली. सुलतान कितीही शहाणा असता तरी भाडेकरूंच्या जोरावर घर लढवता येत नाही.

रोखठोक

चौलच्या खलाशाला +१. आणि भाडेकरूंना नंतर काय मिळालं तेही सांगा. नीना चाटूला पोर्तुगीजांनी बेंडाहारा केला आणि १५१४ मध्ये काढून टाकला. त्याने अपमान सहन न होऊन चिता रचून स्वतःला जाळून घेतलं. जावावाल्यांचा पुढारी उतिमुतिराजा तर शहर पडल्यावर काही महिन्यांतच मारला गेला. फितुरीचं पेन्शन.

माजघर

सगळे पुरुष मंडळी तोफा आणि जकात मोजताहेत. फातिमाचं काय?

बखर सुलतानाच्या विरोधात असेल, चिकित्सक म्हणतात तसं, पण तिच्यातला एक प्रसंग मला बनावट वाटत नाही. मारेकरी येतात ते चांदीच्या तबकात राजाची कट्यार घेऊन. म्हणजे 'समजून घ्या' असा निरोप. मुताहिरचा मुलगा तुन हसन हत्यार उचलतो, घरात माणसंही जमलेली. आणि म्हातारा त्याला थांबवतो, की मलय माणसाने राजाशी द्रोह केल्याचं आजवर घडलेलं नाही. लढला असता तर कदाचित वाचला असता. नाही लढला.

आणि फातिमा राणी झाल्यावर कधी हसली नाही म्हणतात. दिवस गेले की गर्भ पाडायची. शेवटी सुलतानाने वचन दिलं की तुझ्या पोटच्यालाच गादी, तेव्हा कुठे मूल ठेवलं. मला यात सूड दिसतो, आणि तो तिने पुरेपूर घेतला. पुढे जोहोरचा पहिला सुलतान अलाउद्दीन झाला तो तिचाच मुलगा. बापाला मारणाऱ्याच्या गादीवर बापाचा नातू. तांडेलकाका, तुम्ही तिला 'घरात आणलं' एवढ्यावर संपवलंत.

तांडेल

माजघरताई, चूक मान्य. मूळ धाग्यात तिला दोन ओळी जास्त द्यायला हव्या होत्या. पण तुमचा प्रतिसाद माझ्याच बाजूने जातो, हे लक्षात आलं का?

चिकित्सक

नाही जात. कारण तुम्ही १५११ ला पुस्तक मिटता. त्यानंतर हा माणूस सतरा वर्षं जगला, आणि ती सतरा वर्षं बसून काढली नाहीत. पागोहमार्गे पहांगला, मग बिंतान बेटावर नवी राजधानी. तिथून मलाक्क्यावर पुन्हा पुन्हा हल्ले, रसद तोडली, शहरात उपासमार आणली. चीनच्या बादशहाकडे वकील पाठवून तक्रार केली. मलाक्का मिंग दरबाराचं मांडलिक म्हणवून घ्यायचं, म्हणून तिकडे दाद मागितली. तो वर उल्लेख आलेला तोमे पिरेश पुढे पोर्तुगीजांचा वकील म्हणून चीनला गेला तो कैदेत पडला, त्याला ही तक्रारही कारण होती. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी बिंतान जाळलं, तेव्हा सुमात्रातल्या कंपारला गेला आणि १५२८ मध्ये तिथेच वारला. मरेपर्यंत तह केला नाही.

आणखी एक. पोर्तुगीज आले तेव्हा, बखरीप्रमाणे, गादीवर तो नव्हताच! मुताहिरच्या हत्येच्या पश्चात्तापाने त्याने मुलाला, अहमदला, राज्य दिलं होतं. रस्त्यावरच्या लढाईत हत्तीवर बसलेला सुलतान अहमद. त्याच्या हौद्यात त्याचे धर्मगुरू. गोळ्या पावसासारख्या यायला लागल्या तशी गुरुजींनी दोन्ही हातांनी हौद्याची कड घट्ट धरली आणि ओरडले, की महाराज, ही काही अद्वैत शिकायची जागा नव्हे, घरी चला. सुलतान हसला आणि हत्ती मागे वळवला.

रोखठोक

हा गुरुजी मला फार आवडला. संपूर्ण धाग्यात व्यवहारज्ञान असलेला एकटाच माणूस.

पेटालिंगकर

मी इकडे मलेशियात नोकरीनिमित्त नऊ वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. या देशात आज नऊ राजघराणी आहेत आणि त्यांच्यातूनच पाळीपाळीने देशाचा राजा निवडतात. मलाक्क्याला मात्र सुलतान नाही, राज्यपाल असतो. ज्या गादीवरून बाकीचे आपली परंपरा सांगतात तीच गादी रिकामी.

पण पेराक राज्याचं घराणं बघा. महमूदचा दुसरा मुलगा मुझफ्फर बाप गेल्यावर पेराकला जाऊन सुलतान झाला, आणि तिथला आजचा सुलतान त्याच वंशाचा मानला जातो. तांडेल म्हणतात त्याने गमावलं. गमावलं खरं, पण शहर. वंश, दरबार, हुद्दे, रीतीभाती हे सगळं बोटीत घालून बाहेर काढलं. उलट अल्बुकर्कने लुटीची तिजोरी 'फ्लोर दो मार' जहाजावर चढवली आणि ते जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडालं. कुणाचा माल पोहोचला?

तांडेल

पेटालिंगकर, हा मुद्दा चांगला आहे, यावर माझ्याकडे उत्तर नाही. हल्ल्यांचं श्रेयही देतो. पण चिकित्सकांनी अहमदला हत्तीवर बसवून महमूदला बाजूला काढलं, त्या अहमदचं पुढे काय झालं ते सोयीस्करपणे गाळलं.

गुनुंग लेदांग डोंगरावरच्या राजकन्येची दंतकथा त्याच बखरीत आहे. महमूद तिला मागणी घालतो. ती अटी पाठवते: मलाक्क्यापासून डोंगरापर्यंत एक सोन्याचा पूल, एक चांदीचा, डासांच्या काळजांची सात ताटं, चिलटाहून बारीक किड्यांच्या काळजांची सात ताटं, रांजणभर आसवं, एक वाटी राजाचं रक्त आणि एक वाटी राजपुत्र अहमदचं रक्त. राजा म्हणतो, बाकी सगळं जमवू, रक्त काढायला मात्र मन धजत नाही.

मलाक्का गेल्यावर हद्दपारीत याच महमूदने याच अहमदला मारून टाकलं. ही ओळ बेंडाहाराच्या वंशजाने लिहिली म्हणून खोटी धरायची का, चिकित्सक?

चिकित्सक

खोटी धरायची नाही. पण अहमद सरदारांना हिंग लावून विचारत नव्हता, असंही तीच बखर सांगते. पुन्हा तेच घराणं, तोच राग. रात्री सविस्तर लिहितो.

माजघर

लिहा. आणि अहमद गेल्यामुळे गादी कुणाच्या मुलासाठी मोकळी झाली, तेही लिहा.