संकलन (कार्यालयातील एका विषयाच्या कामाचे टेबल) सांभाळणारा बदलला की कामाची माहितीही जाते. ती कार्यालयात कशी टिकवावी?

नवा संकलनवाला: नमस्कार. मी एका तहसील कार्यालयात महसूल सहायक असून जमीन संकलन माझ्याकडे येऊन चार महिने झाले. माझ्या आधीचे अव्वल कारकून (आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणतो) नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत संचिकांची संख्या, नोंदवह्या, कपाटाच्या किल्ल्या असे सर्व काही होते आणि आम्ही दोघांनी त्यावर सह्याही केल्या. परंतु गेल्या आठवड्यात भोगवटादार वर्ग-२ च्या (म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) एका जमिनीचे विक्री परवानगीचे प्रकरण आले, तेव्हा त्या गावातील जुने सर्व्हे क्रमांक आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे गट क्रमांक यांचा मेळ कोणत्या कागदावरून घालावयाचा, हे शोधण्यात माझे तीन दिवस गेले. शेवटी भाऊसाहेबांना दूरध्वनी केला आणि त्यांनी कपाट, कप्पा व बस्त्याचा रंग यांसह दोन मिनिटांत सांगितले. निवृत्त माणसाला असा त्रास किती दिवस द्यावा? अशी माहिती लिहून ठेवण्याची काही रूढ पद्धत आहे का?

जुने दप्तर: मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. पद्धत आहे, आणि ती आपल्याच खात्यात फार जुनी आहे. सहा गठ्ठे पद्धतीत प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (ठराविक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद यांच्या जोडीला एक गठ्ठा स्थायी आदेशांचा असतो. तपासणी आली की सगळे धावतात ते प्रलंबित प्रकरणांच्या गठ्ठ्याकडे, कारण त्याचीच आकडेवारी वर जाते. स्थायी आदेशांची संचिका मात्र बहुतेक ठिकाणी शासन निर्णयांच्या झेरॉक्स प्रतींचा ढीग होऊन बसते. तिच्या पहिल्या पानावर विषयवार सूची असावी, आणि प्रत्येक विषयाखाली ‘आपल्या तालुक्यात हे कसे लागू होते’ असा परिच्छेद संकलन सांभाळणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावा. १९८० च्या दशकात अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी आणि अभिलेखांची वर्गवारी नव्याने लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली; पण पुष्कळांनी त्यातून रंगरंगोटी आणि नामफलक तेवढे उचलले, असे माझे मत आहे.

टिपणी-आदेश: वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही मूळ दुखणे वेगळे आहे असे मला वाटते. कागद सापडतो, पण त्यावरील निर्णय का झाला हे सापडत नाही. ‘मागील प्रकरणी मंजूर केल्याप्रमाणे आदेशार्थ सादर’ एवढ्या एका ओळीवर आपण वर्षानुवर्षे संचिका चालवतो, आणि ते मागील प्रकरण कोणते, त्यात अपवाद कशासाठी केला होता, हे टिपणी लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहते. ई-ऑफिस या संगणकीय संचिका-प्रणालीमुळे संचिकेचा प्रवास दिसू लागला, पण पोकळ टिपणी संगणकावर गेली म्हणून भरीव होत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ अभिलेखांची सूची ठेवण्यास सांगते, तसेच प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवावीत असेही सांगते. त्याच कलमातील १७ बाबींची माहिती बहुतेक कार्यालये फलकावर लावून मोकळी होतात. कारणांच्या तरतुदीची आठवण कोणालाच नसते.

शिवाय बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षांचा असतो, तर मंत्रालयाबाहेरील गट-क कर्मचाऱ्याला एका कार्यालयात असे दोन कार्यकाळ मिळतात. म्हणजे कार्यालयाची स्मृती कारकुनाच्या टेबलावरच असते, आणि तिची नोंद घेण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच कर्तव्यसूचीत लिहिलेली नसते.

बारनिशी: एक कटू गोष्ट लिहितो. काही जण माहिती मुद्दाम लिहून ठेवत नाहीत, कारण ‘त्यांच्याशिवाय हे काम होत नाही’ हीच त्यांची पत असते. निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून आधीच ठाऊक असताना नवा माणूस अखेरच्या दिवशी दुपारी रुजू होतो, तो तरी काय शिकणार? किमान १५ दिवस दोघांना एका टेबलावर बसवावे. पद रिक्त ठेवण्याच्या काळात हे अवघड आहे, हे मान्य.

नवा संकलनवाला: सर्वांचे आभार. भाऊसाहेब येत्या शनिवारी निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी कार्यालयात येणार आहेत. सुट्टीच्या दिवशी अभिलेख कक्ष उघडण्याची परवानगी साहेबांकडून घेतली असून, गावनिहाय एकेक पान त्यांच्यासमोर लिहून घेणार आहे. ‘जुने दप्तर’ यांना एकच विचारतो: ही पाने स्थायी आदेशांच्या संचिकेत लावताना त्यांवर तहसीलदारांची सही घ्यावी का? सही नसेल तर पुढचा माणूस ती खासगी टिपणे समजून रद्दीत टाकेल, अशी भीती वाटते.

जुने दप्तर: अवश्य घ्यावी, आणि पृष्ठांकन करून सूचीतही नोंद करावी. सूचीत नसलेला कागद आपल्याकडे कोणी शोधत नाही.