मदत हवी आहे: 'जोजो' मधल्याच भागापासून सुरू केलं तर चालेल का?

मंडळी, भाच्याला 'जोजोज बिझार अ‍ॅडव्हेंचर'चं वेड लागलंय आणि आता तो मलाही ओढतोय. हिरोहिको अराकींची ही मांगा (जपानी चित्रकथा) १९८७ पासून चालू आहे. दर भागात नायक नवा, देशही बदलतो: पहिला इंग्लंडात, पाचवा इटलीत. चित्रं तर ओळखू येत नाहीत! सुरुवातीचे पहिलवान गडी पुढे सडपातळ मॉडेल होतात. मी तिच्यावरच्या अ‍ॅनिमेशन मालिकेतले तिसऱ्या भागाचे थोडे एपिसोड पाहिले. इजिप्तला निघालेली टोळी वाटेत कोलकात्यात उतरते, ते झकास. पण श्वासावर चालणारी 'हामोन' विद्या मागे पडून हे 'स्टँड' (पात्रांच्या मनःशक्तीतून प्रकटणारे अद्भुत साथीदार) मध्येच कुठून उपटले? पहिले दोन भाग पाहायलाच हवेत, की थेट चौथा लावू? भाचा म्हणतो, क्रम मोडायचा नाही. आणि तुम्हाला कुठला भाग सगळ्यात आवडतो, का? स्पॉयलर नकोत, प्लीज.