साथीत आधी कोणाला? कोल्हापूर जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अनुभव धागा

कोल्हापूरचं सीपीआर (जिल्ह्याचं मोठं सरकारी रुग्णालय), इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय, तालुक्यांची ग्रामीण रुग्णालयं, खाजगी दवाखाने, औषध दुकानं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, स्मशानभूमी. कोविडच्या लाटांत यांपैकी कुठेही काम केलेल्यांना लिहिण्याचं आमंत्रण. स्वतःची कहाणी बाजूला ठेवून कामाचा अनुभव लिहावा: कुठला निर्णय कोणी, कधी, कशाच्या आधारावर घ्यायचा आणि तो नेमका कुठे फसतो. नियम आधी लिहिलेला नसला की निर्णय फोनवर होतो, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा तो नियम कसा लिहायचा, तेवढं सांगा.

रात्रपाळी (अतिदक्षता विभाग)

व्हेंटिलेटर एक आणि गरजू तिघं, तर ‘जो आधी आला त्याला’ हे उत्तर सगळ्यांना पटतं. आपल्या जिल्ह्यात ते अन्यायाचं आहे. राजारामपुरीतला रुग्ण वीस मिनिटांत दारात येतो, चंदगडच्याला तीन-एक तास लागतात आणि मध्ये दोन ठिकाणी ‘पुढं न्या’ म्हणून सांगितलेलं असतं.

बऱ्याच ठिकाणी सोफा गुण (अवयव किती बिघडलेत ते मोजणारा तक्ता) वापरायचं ठरतं. सहा यंत्रणा (श्वसन, रक्त गोठणं, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंड), प्रत्येकी ० ते ४, एकूण २४. अडचणी दोन. कोविडमध्ये पुष्कळांचं फक्त फुप्फुस बिघडलेलं असतं, त्यामुळे दहा जणांचे गुण जवळजवळ सारखे येतात आणि तक्त्याचा उपयोग संपतो. दुसरं, क्रिएटिनिन (रक्तातली किडनीची तपासणी) वाढलं की गुण वाढतात, म्हणून डायलिसिसवरचा माणूस त्याच्या जुन्या आजारामुळे आपोआप मागे ढकलला जातो. गुण वापरा, पण जुन्या किडनीच्या रुग्णांचे ते गुण वगळायचे का, हे लाट येण्याआधी लिहून ठेवा.

निवड करणारा आणि उपचार करणारा एकच नसावा. तिघांची समिती, २४ तास फोनवर, आणि समितीपुढच्या कागदावर नाव, आडनाव, गाव नको, केस नंबर पुरे. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत व्हेंटिलेटर मुदतीवर देऊन ४८ आणि १२० तासांनी फेरतपासणी करायची असं आहे. आपल्याकडे ते जसंच्या तसं उचलता येत नाही. उपचार थांबवण्याची प्रक्रिया सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं घालून दिली. ती इतकी लांबलचक होती की साथीत कोणी तिच्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं मंडळ, आणि शक्यतो ४८ तासांत मत. पण ही सगळी वाट त्याच रुग्णाच्या हितापुरती आहे. शेजारच्याला यंत्र हवंय, हे कारण तिच्यात कुठेही बसत नाही. म्हणून आपल्याकडची खरी निवड व्हेंटिलेटरची नळी घशात घालण्याआधीच होते आणि ती कुठेच लिहिली जात नाही. ती लिहा: वेळ, निकष, सह्या.

गॅसलाइन (बायोमेडिकल)

वरचं सगळं व्हेंटिलेटरबद्दल झालं. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये खरी वाटणी ऑक्सिजनची होती, आणि तिचं गणित डॉक्टरांच्या हातात कमी, आमच्या हातात जास्त.

जम्बो म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटरनं एक माणूस लावला तर साडेअकरा तास. तोच हाय फ्लोवर (नाकातून जोरानं ऑक्सिजन देणारं मशीन) ६० लिटरनं लावला आणि ऑक्सिजन १०० टक्के ठेवला, तर दोन तासही नाही. एक हाय फ्लो मशीन म्हणजे मिनिटाला ५ लिटर लागणारे बारा रुग्ण. टाकी भरलेली असताना हा प्रश्न वैद्यकीय असतो. टँकर उशिरा येणार कळलं की तोच प्रश्न न्यायाचा होतो. मग मशीन कोणी बंद करायचं? त्या रात्री ड्युटीवर असलेल्या पोराला हे विचारणं गैर आहे. साठा किती तासांवर आला की नवा हाय फ्लो सुरू करायचा नाही, हा आकडा आधी भिंतीवर हवा. आमच्या धंद्यात २४ तासांचा साठा उरला की पुरवठादाराला फोन जायला हवा. चार तास उरल्यावर केलेला फोन ही फक्त बोंब असते.

खाट कुठली मिळाली यावरही जगणं-मरणं ठरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पाइपलाइनचा दाब ४ बारच्या आसपास लागतो. जुन्या इमारतीत बारीक पाइप, त्यावर क्षमतेच्या दुप्पट रुग्ण. मग मॅनिफोल्डजवळच्या (जिथे सिलिंडर पाइपलाइनला जोडतात तिथल्या) खाटांना पूर्ण दाब आणि लाइनच्या टोकाला व्हेंटिलेटर ‘लो प्रेशर’ म्हणून ओरडतोय. टोकाच्या खाटांवर कमी गरजेचे रुग्ण ठेवा किंवा तिथे जम्बो उभा करा. द्रव ऑक्सिजनच्या टाकीलाही मर्यादा असते: १ लिटर द्रवापासून सुमारे ८६० लिटर वायू होतो, पण व्हेपोरायझरच्या (द्रवाचा वायू करणाऱ्या यंत्राच्या) क्षमतेपेक्षा जास्त ओढला की त्याच्यावर बर्फ चढतो आणि टाकी भरलेली असूनही दाब पडतो. दोन व्हेपोरायझर आलटून पालटून चालवायचे.

वाया जाणारा ऑक्सिजन हा आणखी एका रुग्णाचा वाटा. जेवताना किंवा संडासला जाताना मास्क उशीवर फुसफुसत ठेवू नका, फ्लोमीटर बंद करा. फ्लोमीटरच्या बाटलीचं वॉशर झिजलं की तिथूनच गळतं. साबणाचं पाणी लावून रोज बघा. सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये ठेवायचं, सीओपीडीवाल्याचं (फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याचं) ८८ ते ९२. नातेवाइकांच्या समाधानासाठी ९९ वर नेऊ नका. एका शिफ्टला एक सिस्टर फक्त याच कामाला दिली तर तिचा पगार एका दिवसात वसूल. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा तुटला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. टँकरमधून टाकीत भरण्याचं काम चालू असताना वॉर्डात जम्बो जोडून तयार ठेवणं ही तेव्हापासून आमच्याकडे सक्ती असावी, असं माझं ठाम मत.

चिठ्ठीबंद (औषध भांडार)

रेमडेसिव्हिरवर फार लिहिलं गेलंय, म्हणून फक्त हिशेब. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, पुढचे चार दिवस १००, म्हणजे १०० च्या सहा कुप्या. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या विरोधात सशर्त शिफारस केली होती. तरी पाच महिन्यांनी त्याच्यासाठी रांगा लागल्या, कारण चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात दिली जात होती. चिठ्ठी हातात आली की ते औषध ‘मिळवून आणणं’ ही मुलाची परीक्षा होते आणि काळाबाजार तिथेच जन्मतो. औषध रुग्णालयाकडूनच आलं पाहिजे, मागणी केस नंबरवर. रुग्ण तिसऱ्या दिवशी गेला किंवा घरी सोडला, तर उरलेल्या दोन कुप्या त्याच शिफ्टमध्ये रजिस्टरला परत. रिकामी कुपी मोजून, लेबल फाडून, फोडायची. शाबूत रिकाम्या कुप्यांत भलतंच भरून त्या विकल्या जातात.

म्युकर म्हणजे काळ्या बुरशीवरचं औषध अँफोटेरिसिन, त्याचं वाटप जास्त अवघड. म्युकरला लिपोसोमल (किडनीला कमी बाधणारा प्रकार) किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३००, म्हणजे ५० च्या सहा कुप्या रोज, तेही काही आठवडे. दिवसाला बारा कुप्या आल्या आणि रुग्ण सहा असतील तर प्रत्येकी दोन वाटणं दिसायला समान, पण त्यात कोणालाच पुरेसा डोस पडत नाही. शस्त्रक्रिया होऊन मेलेला भाग निघालेल्यांना पूर्ण डोस, बाकीच्यांना साधं अँफोटेरिसिन, आणि त्यांचं पोटॅशियम व क्रिएटिनिन वरचेवर तपासणं, हे जास्त प्रामाणिक आहे. आणि ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळा. सलाइनमध्ये घातलं की गोळा होतो आणि तुटवड्यातली कुपी बेसिनमध्ये जाते.

रात्रपाळी

चिठ्ठीबंद यांच्या मुद्द्याला जोड. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दहा-वीस रुपयांत मिळत होतं म्हणून त्याच्या वाटपाची चर्चाच झाली नाही, आणि ते नको त्यांना गेलं. जून २०२० च्या ‘रिकव्हरी’ नावाच्या ब्रिटिश औषध-चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, आणि फायदा फक्त ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांना. ताप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावातल्या दवाखान्यात स्टेरॉइड देऊन, साखर न तपासता घरी पाठवणं, ही म्युकरची एक मोठी वाट होती. प्लाझ्माचंही (बरे झालेल्यांच्या रक्तातला द्रव) तेच: देशातल्या ३९ केंद्रांत ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत फायदा दिसला नाही, निकाल २०२० मध्ये छापून आला, आणि मार्गदर्शक सूचनांतून तो निघाला मे २०२१ मध्ये. तोपर्यंत नातेवाईक दाते शोधत फिरत होते.

गटप्रवर्तक

तुमचं सगळं दवाखान्यातलं. गावात पहिला प्रश्न यादीचा. पॉझिटिव्ह लोकांची यादी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावासकट पडली की दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं दूध डेअरीत घेत नाहीत, आणि तिसऱ्या दिवसापासून गावात कोणी तपासणीच करून घेत नाही. ताप लपवतात. यादी आरोग्य सेविका, आशा आणि वैद्यकीय अधिकारी, एवढ्यांकडेच. सरपंचांना आकडा आणि गल्ली सांगा, नाव नको. सर्वोच्च न्यायालयानं ९ डिसेंबर २०२० ला सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा खास आदेश असल्याशिवाय घरावर पोस्टर लावायचं नाही. आशाताईंना एक साधी युक्ती द्या: त्या घराला जायचं तर गल्लीतल्या पाच-सहा घरांना जायचं. म्हणजे बोट कुठल्या घराकडे, ते कळत नाही.

ऑक्सिमीटर लावताना मेंदी, नेलपॉलिश पुसा, बोट थंड असलं तर चोळा, आकडा एक मिनिटभर स्थिर होऊ द्या. मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालवा. ३ पेक्षा जास्त अंकांनी उतरलं तर बसल्यावरचा आकडा चांगला असला तरी पाठवा.

गळितासाठी आलेले ऊसतोड मजूर कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे टोळ्यांची नोंद असते, ती मागून घ्या. पण मुकादमासमोर संमती विचारू नका. त्याच्यासमोर कोणी ‘नको’ म्हणत नाही.

कोल्ड चेन

त्याच धर्तीवर लसीचं. कोविशील्डची कुपी १० डोसांची, ०.५ मिलिलिटर प्रत्येकी, २ ते ८ अंशांत ठेवायची, फोडल्यावर ४ तासांत संपवायची. संध्याकाळी साडेचारला तीन जण उभे असतील तर काय? फोडली तर सात डोस जाण्याची भीती, नाही फोडली तर राधानगरीच्या वाडीवरून चालत आलेली म्हातारी परत जाते. दुपारी तीनलाच आशांना फोन करून पात्र पण राहिलेल्यांची राखीव यादी तयार ठेवली की हा पेच बहुतेक वेळा येतच नाही. यादी नसली की उरलेले डोस ‘ओळखीच्यांना’ जातात, आणि नंतर कितीही खरं कारण सांगितलं तरी गावाला पटत नाही.

रेशन किंवा पगार अडवून लस देऊ नका. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोणावरही लसीची सक्ती करता येत नाही असं स्पष्ट केलं; निर्बंध घालता येतात, पण ते धोक्याच्या प्रमाणात हवेत.

फॉर्म चार

मृत्यूच्या दाखल्याकडे कोणी लक्ष देत नाही. रुग्णालयातल्या मृत्यूला फॉर्म ४, घरी झालेल्या मृत्यूला ४अ. भाग एकमध्ये (अ) एआरडीएस (फुप्फुसं अचानक निकामी होणं), (ब) न्यूमोनिया, (क) कोविड-१९. मधुमेह, रक्तदाब भाग दोनमध्ये. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहिणं म्हणजे माणूस मेला म्हणून मेला असं लिहिणं. सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या सूचनांनुसार पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांतला मृत्यू, घरी झाला तरी, कोविडचा धरायचा. दाखला आळसानं लिहिला की ५०,००० रुपयांच्या साहाय्यासाठी विधवेला जिल्हा समितीपुढे उभं राहावं लागायचं.

बिल तपासनीस

थोडक्यात. खाजगी रुग्णालयांतल्या कोविड उपचारांच्या राज्य सरकारच्या जून २०२१ च्या सुधारित दरांत कोल्हापूर शहर ब गटात होतं: साधा वॉर्ड ३,०००, अतिदक्षता ५,५००, व्हेंटिलेटरसह ६,७०० रुपये रोज. पळवाट पीपीईत असायची, कारण ते दरात धरलेलं नव्हतं. एकच किट घालून डॉक्टर पंधरा खाटा फिरतात आणि पंधरा बिलांत पंधरा किट. किटच्या खरेदीचं बिल आणि त्या दिवसाची हजेरी शेजारी ठेवा, लगेच कळतं. बिल डिस्चार्जनंतर तपासून उपयोग नाही, तिसऱ्या दिवशी एकदा तपासा.

घाटावरचा

पंचगंगा घाटावर दहन आधीपासून मोफत, शेणी (गोवऱ्या) दानातून येतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न इथे कमी. प्रश्न तोंड दाखवण्याचा. मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांतच होतं की बॅगेची चेन थोडी उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवता येतो. स्पर्श, आंघोळ, मिठी नाही. मंत्र किंवा प्रार्थना म्हणता येते. राखेपासून धोका नाही. तरी कितीतरी ठिकाणी सरसकट नकार दिला गेला. निर्जंतुक करायला एक टक्का हायपोक्लोराइट लागतं: ५ टक्केवालं असेल तर १ भाग त्यात ४ भाग पाणी, ब्लीचिंग पावडर असेल तर लिटरला ३० ग्रॅम, आणि ते रोज ताजं करायचं.

गॅसलाइन

पुराचं कोणीच लिहिलं नाही. जुलै २०२१ मध्ये रुग्ण अजून भरपूर होते आणि शिरोलीला महामार्ग पाण्याखाली गेला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. साठा वाढवायचा तो ३९ ला, ४३ ला टँकर वाटेत अडकलेला असतो. रस्ता तुटला तर कुठल्या रुग्णालयाचे जम्बो कुठे जाणार, ही वाटणीची यादी जूनमध्येच सह्या घेऊन ठेवा.

गटप्रवर्तक

आणि चिखली, आंबेवाडीची माणसं हलवताना घरी विलगीकरणात असलेल्यांची वेगळी शाळा आणि वेगळी होडी आधीच ठरवा. होडीवाल्याला पॉझिटिव्ह कोण ते आधी सांगायचंच, तो त्याचा हक्क आहे; मास्क, हातमोजे द्या, आणि तरी तो नको म्हणाला तर त्याच्या जागी दुसरा तयार ठेवा. शाळेत संडास वेगळा नसेल तर त्या शाळेचा विचारच करू नका.